डेंटल हायजीनचा अभ्यासक्रम आणि रुग्ण मिळवण्याचे गणित

अमेरिकेत डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दवाखान्यात रुग्णांचे दात आणि हिरड्या साफ करणारी व्यावसायिक, होऊ पाहणाऱ्या मराठी मुलींचे फोन मला अधूनमधून येतात आणि बहुतेक जणी पहिला प्रश्न ॲनाटॉमीचा विचारतात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी आणि रसायनशास्त्र या विषयांत चांगली ग्रेड नसेल तर प्रवेशाच्या रांगेत आपला नंबर लागत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. न्यू जर्सीतील ज्या कम्युनिटी कॉलेजात मी शिकले, तिथे माझे तिसरे सत्र मात्र नाशिकच्या एका काकांच्या विमानाच्या तिकिटामुळे धोक्यात आले होते आणि मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्याविषयीच.

त्याआधी दोन-तीन गोष्टी झटपट सांगते. ही ‘दोन वर्षांची पदवी’ आहे असे घरी सांगून बसू नका. मूळ अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी पूर्वतयारीचे विषय संपवायला मला दीड वर्ष लागले आणि माझ्या पुण्याच्या बी.कॉम.ने त्यात फारशी मदत केली नाही. अभ्यासक्रमाला कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशनची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी पाहावे, कारण ती नसेल तर पुढे परवान्याची वाट अडते. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला हरकत नसते, परंतु नोकरीसाठी ई.ए.डी. हे कामाचे परवानापत्र लागते आणि ते साधारणपणे जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावरच मिळते. तेव्हा पदवी हातात आणि कामाला बंदी अशी पाळी येणार नाही ना, याचा हिशेब आधीच मांडावा. पगाराचे आकडे खोटे नाहीत. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ साली या व्यवसायातील मध्यक वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर होते. मात्र बऱ्याच हायजिनिस्ट आठवड्यातून दोन-तीन दिवसच काम करतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

घरच्यांना हे काम समजावून सांगणे हाही एक स्वतंत्र विषयच आहे. भारतात १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून हायजिनिस्टची वेगळी नोंदणी आहे, तरी आपल्याकडे दात साफ करतात ते डेंटिस्टच. त्यामुळे सासूबाईंच्या लेखी मी बराच काळ ‘डॉक्टरांच्या हाताखालची’ होते. कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टचे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईंनाच हे काम शिकवले आणि १९१७ साली त्यांना या व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला. म्हणजे सासूबाईंचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते, फक्त शंभर वर्षे जुने होते.

पहिले सत्र टायपोडॉन्टवर, म्हणजे प्लास्टिकच्या जबड्यावर, जाते. हत्यार पेनासारखे धरून अनामिका दातावर टेकवायची असते; ते टेकण म्हणजे फुलक्रम, आणि ते सुटले की हत्यार हिरडीत घुसते. माझे ते पहिले सहा आठवडे सुटतच राहिले. ग्रेसी नावाच्या खरवडण्याच्या हत्यारांपैकी ११/१२ दाढेच्या पुढच्या अंगाला आणि १३/१४ मागच्या अंगाला, हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, हाताला समजायला वर्ष जाते. एक्सप्लोरर या चाचपणीच्या हत्याराचे बारीक टोक हिरडीखाली मुळावरून फिरवताना कीटणाचा, म्हणजे दातावर चढलेल्या टणक थराचा, कण दिसत नाही, तो लागावा लागतो. तांदूळ निवडताना डोळे टीव्हीकडे असले तरी बोटाला खडा लागतो, अगदी तसा. मी हत्यार इतके आवळून धरत असे की मला काहीच लागत नसे. आमच्या एका प्रशिक्षिका बाईंनी शेवटी माझ्या हातावर हात ठेवला, माझी बोटे एकेक करून सैल केली आणि तेच टोक त्याच दाढेवरून पुन्हा नेले, तेव्हा पहिल्यांदा ‘टक्’ असे जाणवले. या बाई तोंडाने फटकळ होत्या आणि वर्गातल्या निम्म्या मुली त्यांना टाळत. माझे मत असे आहे की गोड बोलून सही देणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा हातावर हात ठेवणारा खडूस प्रशिक्षक शोधावा आणि त्याच्या वाराला क्लिनिक घ्यावे.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या सत्रापासून खुर्चीत खरी माणसे बसतात आणि ती मुख्यतः विद्यार्थ्यांनीच मिळवायची असतात. कॉलेज एक यादी हातात देते: इतकी मुले, इतके ज्येष्ठ, इतके हलक्या, मध्यम आणि जड कीटणाचे रुग्ण. हलके रुग्ण नवऱ्याच्या ऑफिसातून आणि मंडळाच्या गणेशोत्सवातूनही मिळतात. जड रुग्ण मिळत नाहीत आणि त्यांच्यावाचून सत्र पूर्ण होत नाही. मला वाटले होते की आपल्या लोकांत याची काय वाण, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर अर्धा तास उभे राहिले तरी पुरेसे होतील. या समजुतीने मला तीनदा फसवले.

पहिल्यांदा मी एका गृहस्थांना आणले, कारण त्यांचे दात चहा-तंबाखूने पार तपकिरी झाले होते. बाईंनी तपासले आणि ‘हलका’ अशी नोंद केली, कारण डाग म्हणजे कीटण नव्हे. खालच्या पटाशीच्या दातांमागे दिसणारी पिवळी भिंतसुद्धा फसवी असते. ती बहुतेकांना असते आणि लवकर निघते. आमच्याकडे मोजणी होत असे ती हिरडीखालच्या कीटणाची, विशेषतः दाढांच्या मधल्या फटींतल्या, आणि ते आरशात दिसत नाही. म्हणून ‘तुमचे दात दाखवा’ असे न म्हणता ‘शेवटचे क्लीनिंग कधी झाले?’ हे विचारावे. उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर लगेच तारीख द्यावी.

दुसऱ्यांदा आलेला माणूस खरोखर जड होता, पण खुर्चीत बसताच त्याचा रक्तदाब १६८/१०२ निघाला. आमच्या क्लिनिकची मर्यादा १६०/१०० होती, त्यामुळे डॉक्टरांचे पत्र आणल्याशिवाय त्याला हात लावता येईना. त्याच्याकडे विमा नव्हता, पत्र मिळाले नाही आणि माझी ती सकाळ रिकाम्या खुर्चीशेजारी गेली. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशी फोनवरच करावी, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

तिसरे ते काका. माझ्या मैत्रिणीचे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांचे आयुष्यात एकदाच क्लीनिंग झाले होते, रक्तदाब उत्तम होता आणि दुपारभर वेळच वेळ होता. बाईंनी ‘जड’ असे लिहिले तेव्हा मला आनंदाने रडू आले. काका तीन तास आ करून पडून राहत आणि मध्येच चूळ भरताना म्हणत, “अगं, आमचे नाशिकचे डॉक्टर वीस मिनिटांत मोकळं करतात, तुला इतका वेळ गं कसा लागतो?” प्रत्येक भागानंतर बाई तपासत, उरलेले कण दाखवत आणि मी पुन्हा बसत असे, म्हणून वेळ लागत होता. उजवी बाजू, वरची आणि खालची, पूर्ण झाली. मग पुण्यात त्यांच्या धाकट्या मुलीची प्रसूती तीन आठवडे लवकर झाली आणि काका-काकूंनी जानेवारीचे तिकीट बदलून नोव्हेंबरचे केले. अर्धे तोंड साफ झालेला रुग्ण आमच्या यादीत शून्य धरला जात असे. त्या शून्यापायी मला सत्राअखेर ‘अपूर्ण’ असा शेरा मिळाला.

चूक काकांची नव्हती, माझ्या हिशेबाची होती, म्हणून तो हिशेब सविस्तर मांडते. सत्र पंधरा आठवड्यांचे असते. सफाई पूर्ण झाल्यावर हिरड्या भरल्या की नाहीत हे पाहण्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. पाच धरू, म्हणजे उरले दहा. तपासणी, चार्टिंग (दात-हिरड्यांच्या नोंदी) आणि एक्स-रे यांत पहिली भेट जाते. तोंडाचे चार भाग, दर भागाला एक भेट, म्हणजे पाच झाल्या. एका भेटीत बाईंचे समाधान होणार नाही, ती सहावी. एकदा रुग्ण येणार नाही किंवा बर्फ पडेल, ती सातवी. साधा माणूस आठवड्यातून एकदाच येऊ शकतो, म्हणून सात आठवडे. दहातून सात गेले की तीन राहतात. तेव्हा जड रुग्ण चौथ्या आठवड्याच्या आत खुर्चीत बसला नाही, तर तो त्या सत्रात संपत नाही. मी काकांना सातव्या आठवड्यात बसवले होते. ते जानेवारीपर्यंत राहिले असते तरी माझे गणित जुळले नसते, हे मला खूप नंतर उमगले.

पाहुण्या आई-वडिलांना आणू नका असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे इथला विमा नसतो आणि स्वस्तात चांगले काम होते, तेव्हा दोघांचाही फायदा असतो. त्यांच्या परतीच्या तारखेवर मात्र सत्र टांगून ठेवू नका. पुढच्या सत्रात मी किराणा दुकानात काम करणारा, इथेच राहणारा, विमा नसलेला एक तरुण दुसऱ्या आठवड्यात बसवला, जोडीला आणखी एक जड रुग्ण राखीव ठेवला आणि दर भेटीच्या आदल्या संध्याकाळी मेसेज न करता फोन केला. तेराव्या आठवड्यात दोन्ही सत्रांचा हिशेब चुकता झाला. रुग्णाला गुपचूप पैसे देऊन आणण्याची वाट काही जणी सुचवतात. ती अनैतिक तर आहेच, शिवाय पैशासाठी आलेला माणूस तिसऱ्या भेटीला येत नाही. कंपनांनी कीटण काढणारे अल्ट्रासॉनिक मशीन लवकर हाती घेऊन वेळ वाचवणे हीसुद्धा मला फसवणूक वाटते, कारण ज्याला एक्सप्लोररने कण लागत नाही त्याला मशीनने काय काढले हेही कळत नाही.

परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या राष्ट्रीय बोर्डाच्या लेखी परीक्षेला फार घाबरू नका. तिच्यात ३५० प्रश्न असतात, त्यांतले १५० रुग्णांच्या केसेसवर असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५ चा स्केल्ड स्कोअर (ठरावीक मापावर बसवलेला गुण, टक्केवारी नव्हे) लागतो. ज्यांनी क्लिनिक मन लावून केले आहे, त्यांना केसेस ओळखीच्या वाटतात. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेलाही रुग्ण आपणच न्यायचा असे आणि तो आयत्या वेळी नापास ठरला की विद्यार्थिनीचे पैसे बुडत. आता अनेक राज्यांत पुतळ्याच्या जबड्यावर परीक्षा देता येते. मी दिली तीही पुतळ्यावरच. त्याचा रक्तदाब कुणी विचारला नाही आणि त्याला पुण्याला जायचीही घाई नव्हती.