ईसीएचएसचा हक्क संपण्याआधी कुटुंबाने करावयाची तयारी

नागपूर, वर्धा, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांतील कितीतरी खेड्यांत फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरे आहेत आणि त्या घरांत आजारपण आले की पाय आपोआप ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिककडे (दवाखान्याकडे) वळतात. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत निवृत्तिवेतनधारक आणि त्याची पत्नी यांचा प्रश्न एकदा वर्गणी भरली की आयुष्यभरासाठी सुटतो. परंतु मुले आणि आई-वडील यांचा हक्क अटींवर टिकून असतो, आणि ती अट केव्हाच मोडली आहे हे अनेक घरांत नेमके आजारपणातच ध्यानात येते.

म्हणून आधी तारखा काढाव्यात. मुलाचा हक्क पंचविशी पूर्ण होईपर्यंतच असतो, आणि तोही तो अविवाहित व न कमावता असेल तरच. मुलीला वयाची अट नाही. तिचे लग्न झाले किंवा ती कमावती झाली की हक्क संपतो, मात्र पुढे ती विधवा किंवा घटस्फोटित होऊन माहेरी वडिलांवर अवलंबून राहिली तर नाव पुन्हा लावता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आई-वडिलांचे दोघांचे मिळून मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असावे लागते, आणि त्यात मक्त्याने दिलेल्या शेतीचे पैसेही धरायचे असतात. मुलाला ४० टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व असेल आणि तो अवलंबून असेल तर पंचविशीची मर्यादा लागू होत नाही. अशा घराने अपंगत्वाचे प्रमाणपत्र पंचविसावा वाढदिवस येण्याआधीच हाती घ्यावे.

हक्क संपल्यावर कार्ड वापरत राहू नये. बदल पॉलिक्लिनिकमध्ये कळवून त्या व्यक्तीचे कार्ड परत करावे, कारण अपात्र व्यक्तीवर झालेला खर्च सदस्याकडून वसूल होऊ शकतो आणि त्याचे स्वतःचे सदस्यत्वही अडचणीत येऊ शकते. अर्ज भरण्यात अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

आता पुढची सोय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची एकत्रित योजना महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून विस्तारित स्वरूपात लागू आहे. तिच्यात पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेसोबत शुभ्र शिधापत्रिकेचे कुटुंबही बसते आणि दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात विनाशुल्क मिळतात. पेन्शन असलेल्या घराची शिधापत्रिका बहुधा शुभ्र असते आणि म्हणून 'आपल्याला ही योजना नाही' असे समजून लोक चौकशीच करीत नाहीत. ती समजूत आता सोडून द्यावी. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व आधार घेऊन जावे, किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे.

या योजनेचे सगळे बळ शिधापत्रिकेवरच्या नावात आहे, आणि विदर्भातल्या सासरी गेलेल्या मुलींची गाठ नेमकी इथेच अडते. आमच्या गावातील एका निवृत्त हवालदारांच्या मुलीचे लग्न वैशाखात झाले. वडिलांच्या शिधापत्रिकेवर तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली गेली, परंतु नाव कमी केल्याचा तहसीलचा दाखला माहेरी कपाटातच राहिला आणि सासरच्या शिधापत्रिकेवर ते नाव चढलेच नाही. पावसाळ्यात पित्ताशयातील खड्यांनी तिला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा ईसीएचएसचा हक्क लग्नाच्या दिवशीच संपलेला होता आणि दुसऱ्या योजनेसाठी दाखवायला कागद नव्हता. लग्नाच्या आहेरासोबत हा दाखला मुलीच्या हाती द्यावा, असे मी तेव्हापासून प्रत्येक बापाला कळकळीने सांगतो. नाव चढले की आधारशी ई-केवायसी करून घ्यावी आणि आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीने आयुष्मान कार्ड काढावे.

मात्र ५ लाखांचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, कारण ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या, ठरावीक यादीतील उपचारांची आहे. पॉलिक्लिनिकमधून दर महिन्याला मिळणारी रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे तिच्यात बसत नाहीत. माझ्या मते कार्ड गेल्याचा खरा फटका इथेच बसतो, आणि तो हळूहळू बसतो: आधी गोळी एक दिवसाआड होते, मग कापूस विकेपर्यंत ती बंदच राहते. यावर उपाय हाताशी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या उपकेंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनाशुल्क आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. कार्ड चालू असतानाच तिथे नाव नोंदवावे, आणि जी गोळी केंद्रात मिळत नसेल ती जनऔषधी केंद्रातून घ्यावी. त्यासाठी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे.

खासगी आरोग्य विमा घ्यायचा असेल तर वेळ महत्त्वाची आहे. ईसीएचएस ही विम्याची पॉलिसी नसल्यामुळे तिच्यात काढलेली वर्षे नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळात धरली जात नाहीत. अपघात सोडून इतर आजारांसाठी साधारणतः पहिले ३० दिवस संरक्षण मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावे लागू शकते. मुलाला जुना आजार असेल तर तो बाविशीत असतानाच पॉलिसी घ्यावी, म्हणजे तो प्रतीक्षाकाळ ईसीएचएसच्या छत्राखालीच सरेल. दोन-तीन वर्षांचा हप्ता वाया जातो असे तेव्हा वाटेल, पण पंचविशीनंतर त्याच आजारावर एकदा भरती व्हावे लागले तर हिशेब उलटतो. प्रस्तावात आजार लपवू नये. लपविलेल्या आजारावरूनच दावे नाकारले जातात.

वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असले तरी ७० वर्षांवरील व्यक्तीला आधारवरून आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारतचेच ज्येष्ठांसाठीचे कार्ड, काढता येते. उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यामुळे ज्या आई-वडिलांचे ईसीएचएस सुटले, त्यांनी ते जरूर काढावे. परंतु ज्यांचे ईसीएचएस चालू आहे त्यांना दोहोंपैकी एकाचीच निवड करायची असते, आणि गावात शिबिर लागले म्हणून रांगेत उभे राहून अंगठा देण्याआधी ईसीएचएसची बाह्यरुग्ण सेवा आणि मासिक औषधे आपण सोडतो आहोत का, हे शांतपणे पाहावे. माझा सल्ला स्पष्ट आहे: ईसीएचएस हाती असेल तर ते सोडू नये. आधारवरची जन्मतारीखही आधीच तपासावी. जुन्या माणसांच्या आधारवर पुष्कळदा १ जानेवारी पडलेली असते आणि ती डिस्चार्ज बुकशी (फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवापुस्तिकेशी) जुळत नाही.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ईसीएचएस मिळत नाही, त्यामुळे त्याच्या घराने शिधापत्रिका आणि विमा ही दोन्ही कामे तो सेवेत असतानाच उरकावीत.

हक्क संपण्याच्या महिनाभर आधी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि रेफरलची कागदपत्रे यांच्या प्रती काढून घ्याव्यात आणि तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर असोत की नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा वर्ध्याजवळच्या सेवाग्राम या मोठ्या रुग्णालयांतले, ते पहिला प्रश्न 'आधी कोणती गोळी चालू होती' हाच विचारतात, आणि 'एक पांढरी आणि एक गुलाबी' या उत्तरावरून त्यांना औषध लिहिता येत नाही.