लेथवर तोफेचं मॉडेल करताय? या चुका टाळा

टर्नरच्या, म्हणजे लेथवर (जॉब फिरवून कातायचं मशीन) काम शिकणाऱ्या पोरांनी प्रोजेक्टला पितळेची तोफ घेतली की पहिली चूक लेथ चालू व्हायच्या आधीच झालेली असते, ती म्हणजे कुठली तोफ करायची ते. सगळ्यांना विजापूरची मलिक-ए-मैदान हवी असते. १५४९ ला अहमदनगरात ओतलेली, पंचावन्न टनांच्या आसपास वजन, सगळं खरं, पण तिचं तोंड म्हणजे जबडा उघडलेला सिंह आहे, ते लेथवर कसं काढणार? दौलताबादच्या मेंढा तोफेला मागे मेंढ्याचं डोकं. ही ओतकामाची कामं आहेत बाबांनो. कुठल्याही किल्ल्यावर पडलेली साधी, कड्या असलेली, पुढे निमुळती तोफ घ्या आणि फोटो बरोब्बर बाजूने काढा. तोंडाकडून काढलेल्या फोटोवरून मापं घेतली की पुढचा भाग जाड दिसतो आणि मॉडेल बेडकासारखं होतं.

आता टेपर, म्हणजे निमुळता उतार. निम्मे जॉब (कातायचे तुकडे) इथेच जातात. समजा मागे ३० मिमी, तोंडाशी २२ आणि टेपरची लांबी ११०. फरक ८, त्याला लांबीच्या दुपटीने म्हणजे २२० ने भागायचं, टॅन येतो ०.०३६४, अँगल दोन डिग्री पाच मिनिटं. पोरं दुप्पट करायला विसरतात, ८ भागिले ११० करतात, चार डिग्रीच्या वर अँगल लावतात आणि तोंड २२ ऐवजी १४ चं होतं, मग म्हणतात लेथ खराब आहे. टूल सेंटर हाइटला, म्हणजे धार जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीला नसेल तरी टेपर चुकतो, ते आधी बघा. शिवाय हा अँगल जिच्यावर लावतात त्या कंपाउंड स्लाइडची (टूल धरणारी तिरकी करता येणारी स्लाइड) चाल बऱ्याच मशीनवर ११० मिमी नसतेच, मधे सेटिंग बदललं की तिथे पायरी दिसणार.

म्हणून टेलस्टॉक, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग, सरकवून करा. जॉब एकूण १५० चा असेल तर १५० गुणिले ८ भागिले २२०, साधारण साडेपाच मिमी आपल्या बाजूला. पण थ्री जॉ चकमधे (जॉब पकडणारा तीन जबड्यांचा पंजा) पकडून टेलस्टॉक सरकवू नका, जॉब वाकायला बघतो. दोन्ही सेंटरमधे, म्हणजे दोन टोकांच्या टोकदार आधारांमधे धरा, जॉब फिरवायला कॅरिअर (जॉबवर आवळायची पकड) लावा, डेड सेंटर, म्हणजे न फिरणारं असेल तर ग्रीस लावा. आणि काम झालं की टेलस्टॉक परत झिरोला आणायचा, डायल गेज लावून बघायचा, नाहीतर पुढच्या पोराचं भोक एका बाजूला जातं आणि तो दिवसभर ड्रिलला शिव्या देतो.

कड्यांचं मटेरियल आधी सोडायला विसरू नका. अख्खा टेपर मारून झाल्यावर कडी कुठून आणणार? आधी मार्किंग, मग कड्यांच्या मधल्या मधल्या भागात टेपर. मागे पकडायला सरळ तुकडा ठेवा, तो सगळ्यात शेवटी पार्टिंग करायचा, म्हणजे कापून वेगळा करायचा, निमुळता भाग चकमधे नीट बसत नाही.

बोर, म्हणजे तोंडाचं भोक, शेवटी मारायचा नाही. पितळेचा दांडा चकमधून जेमतेम बाहेर असतानाच मारून घ्या आणि तोंडाला ६० डिग्रीचा चांफर (तिरकी कड) द्या, पुढे तिथेच सेंटर बसतं. पितळेत नवं कोरं धारदार ड्रिल खातं, म्हणजे अचानक आत ओढलं जातं, जॉब हलतो नाहीतर बिट तुटतं. कटिंग एजवर ऑइलस्टोन सपाट फिरवून धारेचा रेक, म्हणजे पुढचा उतार, मारून टाका, लगेच शहाण्यासारखं चालतं. खोली २५-३० मिमी बास. बत्तीच्या जागी फक्त सेंटर ड्रिलचा खड्डा, आरपार भोक अजिबात नाही, ही शोकेसची तोफ आहे. बार उडणारी केली तर १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, आणि बाराआधी स्वतःची बोटं आहेत.

ट्रनियन, म्हणजे बाजूचे दोन खुंट, यांचं भोक टेपर मारल्यावर घेतलं की ड्रिल घसरतं आणि एक खुंट वर, एक खाली. दांडा गोल सरळ असतानाच व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) धरा, गुण्याने सेंटर बघा, आधी सेंटर ड्रिल मग बाकीचं. जागा वजनाच्या मध्याच्या किंचित पुढे, म्हणजे तोफ मागे जड राहते, गाड्यावर तोंड खाली पडत नाही. बोर उथळ असल्यामुळे एकच आरपार पिन बसते, लॉकटाइट (धातू चिकटवायचा डिंक) लावा झालं.

तोफेच्या मागच्या टोकाचा गोळा फॉर्म टूलने (हव्या आकाराची धार असलेलं टूल) करताना कर्र आवाज आणि लाटा आल्या तर स्पीड कमी करा, टूल कमी बाहेर काढा, तरी नाही गेलं तर अरुंद टूलने थोडं थोडं घ्या आणि कानसीने गोल करा, कोणी बघत नाही. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर लावायचा नाही, हातमोजे तर नाहीच. पितळेचा चुरा सुईसारखा उडतो, गॉगल कपाळावर नाही, डोळ्यावर.