गंजून अडकलेला सीटचा दांडा असा सोडवला

कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर १९७० च्या दशकात घडलेल्या माउंटन बाइकची मूळ रचना, म्हणजे सस्पेन्शनविना पोलादी फ्रेम, २६ इंची जाड टायर आणि अंगठ्याने ढकलायचे गिअर, मला आजही सर्वांत देखणी वाटते. म्हणूनच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा चढ जिच्यावर चढलो, ती तशाच घडणीची माझी जुनी सायकल भंगारात देणे मनाला पटेना.

तिच्या सीटचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा फ्रेममध्ये पक्का अडकला होता. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या फटीत मुंबईची खारट, दमट हवा शिरली की अ‍ॅल्युमिनियम झिजते, त्याचा ऑक्साइड फुगतो आणि सांधा सिमेंटसारखा धरतो. दुकानदाराने दांडा कापण्याचा सल्ला दिला. मी मात्र बॉटम ब्रॅकेट (फ्रेमच्या तळाचा, पेडल ज्यावर फिरतात तो आस) काढून, सायकल उलटी करून आतून गंज सोडवणारे तेल ओतले आणि ते रात्रभर मुरू दिले. तापमान बदलले की अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकुंचन पावते. त्यामुळे दांड्याला भरपूर बर्फ लावला, त्याचे वरचे टोक व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आवळले आणि संपूर्ण फ्रेमच धरून फिरवली. करकरत तो सुटला.

नळी आतून घासून नवा दांडा ग्रीस लावून बसवला. आता दर पावसाळ्यानंतर तो काढून पुन्हा ग्रीस लावतो.