शेळी ढासली की आधी गोठ्यात खाली बसा

मी धाराशिव जिल्ह्यातली पशुसखी, म्हणजे गावात शेळ्यांची प्राथमिक देखभाल करणारी. दिवाळी सरली की फोन सुरू होतात, "ताई, शेळी ढासतीय, कंचं इंजेक्शन देऊ?"

इंजेक्शन राहू द्या. पहाटे गोठ्यात जा आणि खाली बसा, शेळीचं नाक असतं त्या उंचीवर. मुताच्या वासानं डोळे चुरचुरले तर अर्धं कारण तिथंच सापडलं. थंडी म्हणून आपण चारी बाजूंनी पोती बांधतो. ओल, वाफ सगळं आत कोंडतं. पोती शेळीच्या पाठीएवढीच बांधा, वर मोकळं सोडा. ओली माती खरवडून चुना भुरभुरा, करडांखाली कोरडं काड टाका.

पाश्चुरेला, मॅनहायमिया हे जिवाणू धडधाकट शेळीच्या घशातही असतात. टेम्पोत दाटीनं आलेली, अवकाळीत भिजलेली, जंतांनी खंगलेली शेळी असली की ते फुफ्फुसात उतरतात. म्हणून बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, बादलीसुद्धा वेगळी.

मग थर्मामीटर. दोरी बांधून गुदद्वारात, मिनिटभर, सकाळच्या गारव्यात. उन्हातून आल्याआल्या लावलं तर आकडा फसवतो. 101.5 ते 103.5 फॅरेनहाइट ठीक. निवांत शेळीची कूस मिनिटाला 15 ते 30 वेळा हलते. ताप 104 च्या वर, वैरण सोडलेली, बसल्या जागी धाप, पिवळा घट्ट शेंबूड, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. तोंडात चट्टे आणि हगवणही असेल तर तेही सांगा. तो पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग असू शकतो, आणि तो विषाणूनं होतो, जिवाणूंवरचं औषध विषाणूला मारत नाही.

फळीवरची उरलेली पेनिसिलिनची बाटली काढू नका. फुफ्फुसाला धरणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू असेल तर ती पाण्यासारखीच, कारण पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं आणि याला ती नसतेच. ऑक्सिटेट्रासायक्लिन की टायलोसिन, यातलं कुठलं औषध, किती दिवस, ते डॉक्टरांना ठरवू द्या. शेळी खायला लागली म्हणून मधेच थांबायचं नाही. औषध दुधात उतरतं, म्हणून दूध किती दिवस काढून फेकायचं तेही विचारून घ्या.

सासूबाईंच्या अडुळशाच्या काढ्याला माझी हरकत नाही, पाजायच्या पद्धतीला आहे. मान वर ताणून बाटली ओतली की काढा थेट फुफ्फुसात जातो. तोंड आडवं ठेवा, गालातून थोडंथोडं सोडा, ठसका लागला की लगेच मान सोडा. धाप लागलेल्या शेळीला तर काहीच पाजू नका.

एखादी दगावली तर पुरायची घाई नको. आधी दवाखान्यात कळवून शवविच्छेदन करून घ्या, म्हणजे बाकीच्यांना काय द्यायचं ते कळतं.