बर्लिनला आलात तर शीतयुद्ध असं बघा

माझ्याकडे बर्लिनला कोणी आलं की पहिली फर्माईश असते चेकपॉइंट चार्लीची, म्हणजे शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते तेव्हाच्या त्यांच्यामधल्या सीमाचौकीची. माझं ऐका, ते गाळा. तिथली चौकी नकली आहे आणि भोवती नुसती टोप्या-मॅग्नेटची दुकानं. ऑक्टोबर १९६१ मध्ये अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे तिथे समोरासमोर ठाकले आणि गोळी न झाडता मागे फिरले, एवढं माहीत असलं की पुरे. सोव्हिएत गटातलं पूर्व बर्लिन आणि अमेरिकेच्या बाजूचं पश्चिम बर्लिन, या दोन्ही बाजूंची खरी चुरस बघायची तर घरं आणि स्टेशनं बघा.

शहरातल्या गाड्यांचं ए-बी झोनचं चोवीस तासांचं तिकीट काढा, चांगले बूट घाला. सोमवारी येऊ नका, आतली प्रदर्शनं बंद असतात.

सकाळी यू-५ या मेट्रोने श्ट्राउसबर्गर प्लात्सला उतरा आणि कार्ल मार्क्स आलेवरून फ्रांकफुर्टर टोरच्या दोन मनोऱ्यांपर्यंत चाला. पूर्वी हा स्टालिनचा रस्ता. दोन्ही बाजूंना टाइल्स लावलेल्या अवाढव्य इमारती. कामगार कसा राहतो बघा, हे पश्चिमेला दाखवायला बांधलेल्या. मान वर करून बघा, पण हेही लक्षात ठेवा: कामाचं प्रमाण वाढवलं म्हणून जून १९५३ मध्ये इथल्याच बांधकाम मजुरांनी काम थांबवलं. संप देशभर पसरला आणि तो मोडायला सोव्हिएत रणगाडे आले.

आता यू-५ नेच हाउप्टबानहोफ, तिथून एस-बान या लोकल गाडीने एक स्टेशन, बेलव्यू. तिथली हान्साफीर्टेल ही वस्ती म्हणजे पश्चिमेचं उत्तर, १९५७ च्या प्रदर्शनासाठी उभारलेलं. इमारतींच्या सरळ रांगा नाहीत, मिरवणूक काढण्याजोगा रस्ता नाही; झाडांत विखुरलेल्या इमारती, प्रत्येक वेगळ्या वास्तुविशारदाची. ग्रोपियस, आल्टो आणि ब्राझीलचे नीमायर. गंमत म्हणजे नीमायर स्वतः कम्युनिस्ट! दोन्ही वस्त्या एकाच दिवशी बघायच्या. वेगवेगळ्या दिवशी बघितल्या तर त्या नुसत्या इमारती वाटतात. मला स्वतःला राहायला हान्साफीर्टेल आवडेल, फिरायला मात्र पूर्वेचा रस्ता.

जेवण फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनजवळ उरका. शेजारच्या काचेच्या इमारतीत पश्चिमेकडे परतणाऱ्यांची तपासणी व्हायची आणि नातलग तिथेच निरोप घ्यायचे, म्हणून लोकांनी तिला अश्रूंचा महाल म्हटलं. प्रवेश फुकट. तपासणीच्या अरुंद खोक्यात जरूर उभे राहा.

मग भुयारी एस-बानने नॉर्डबानहोफ. दोन्ही भागांमध्ये भिंत होती तेव्हा पश्चिमेच्या गाड्या या स्टेशनातून न थांबता जायच्या. अंधुक फलाटावर फक्त पूर्वेचे पहारेकरी. छोटं प्रदर्शन जिन्याजवळच आहे. वर आलात की बेर्नाउअर श्ट्रासे. इथे वेळ द्या. घरं पूर्वेत, दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. २२ ऑगस्ट १९६१ ला इडा झीकमान या बाईंनी खिडकीतून आधी गाद्या टाकल्या, मग उडी मारली, आणि त्यात त्यांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता. मुलं बरोबर असतील तर एवढी एकच गोष्ट सांगा, आकडे राहू द्या.

पाय चालत असतील तर शेवटी एस-बानने बोर्नहोल्मर श्ट्रासेचा पूल. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री गर्दी रेटत होती, वरून धड हुकूम येईना, तेव्हा इथल्या पूर्वेच्या सीमाचौकीवरच्या हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने फाटक उघडायला लावलं. पुलावर वारा जबरदस्त असतो. ज्येष्ठांना कानटोपी द्या.