स्मार्ट होम जोडताना या चुका टाळा: रिसेटचं बटण दाबण्याआधी वाचा

ओळखीत कुणाच्याही घरी स्मार्ट दिवा ऐकेनासा झाला की फोन मला येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रिसेट करून पाहिलं, तरी होत नाही." मी कपाळाला हात लावतो, कारण त्या रिसेटनं काम दुप्पट करून ठेवलेलं असतं. दिवे एका कंपनीचे, सेन्सर दुसरीचे, कुलूप तिसरीचं आणि बोलका स्पीकर चौथीचा, अशी घरं चालतात. माझं स्वतःचं तसंच आहे. उपकरण खरोखर बिघडलेलं मला क्वचितच सापडलंय. बहुतेक वेळा कुणीतरी घाई केलेली असते आणि मग ती निस्तरायला आणखी घाई.

रात्री अकरानंतर झोपणारा सेन्सर

मामेभावाच्या घरी मागच्या दाराला झिगबीचा, म्हणजे स्मार्ट उपकरणांच्या एका बिनतारी जाळ्यावर चालणारा, सेन्सर होता. दार उघडलं की फोनवर सूचना, एवढंच त्याचं काम. दिवसभर चोख. रात्री अकरानंतर मात्र दार सताड उघडलं तरी सूचना नाही, आणि सकाळी सहानंतर पुन्हा सगळं सुरळीत. भावानं बॅटरी बदलली. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर आणला. तोही अकरालाच झोपला. मग हब, म्हणजे सगळ्या उपकरणांना जोडणारा मधला डबा, बदलायचं ठरलं, कारण "वेगवेगळ्या कंपन्यांचं जमतच नाही रे" असा निष्कर्ष निघाला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

नवा हब मागवण्याआधी मी एक रात्र तिथे मुक्कामाला राहिलो. जेवणं झाली, गप्पा झाल्या. अकराच्या सुमारास मामी उठली आणि झोपायला जाता जाता पॅसेजमधल्या दिव्याचं बटण टक्कन बंद केलं.

"मामी, हे बटण तू रोज बंद करतेस?"

"मग काय रात्रभर जळत ठेवू?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक होती पॅसेजमध्ये स्मार्ट बल्ब लावून भिंतीवरचं साधं बटण तसंच ठेवणाऱ्याची. झिगबीत सतत विजेवर असणारी उपकरणं, म्हणजे बल्ब, प्लग वगैरे, स्वतःचं काम करतातच, शिवाय इतरांचे निरोपही पुढे पोहोचवतात. बॅटरीवर चालणारा सेन्सर ही हमाली करत नाही. तो जवळचा एखादा शेजारी धरतो आणि त्याच्यामार्फत हबशी बोलतो. मागचं दार हबपासून लांब, म्हणून दोन्ही सेन्सरांनी पॅसेजचा बल्ब धरला होता. बटण बंद केलं की बल्बची वीज जायची आणि मधला दुवाच तुटायचा. सहाला मामी उठून दिवा लावायची, दुवा परत जागेवर.

शेजारी गेला तर सेन्सरनं दुसरा शोधावा, ही अपेक्षा रास्त आहे. काही सेन्सर शोधतातही. काही मात्र हट्टी, जुन्याच शेजाऱ्याची वाट बघत बसतात. प्रमाणक एकच असलं तरी कंपनीगणिक स्वभाव वेगळे, आणि मिश्र घरात खरं घोडं इथे अडतं. थ्रेड आणि झेड-वेव्ह ही झिगबीसारखी दुसरी बिनतारी जाळीही सतत विजेवर असणाऱ्या उपकरणांच्याच खांद्यावर उभी असतात, त्यामुळे हा धडा फक्त झिगबीपुरता नाही.

उपाय दोन आहेत. बल्ब स्मार्ट हवा असेल तर त्याची वीज कायम चालू ठेवायची आणि जुन्या बटणाच्या जागी किंवा त्याच्यावर बॅटरीचं वायरलेस बटण बसवायचं. नाहीतर बल्ब साधाच ठेवायचा आणि बोर्डामागे स्मार्ट रिले (फोनवरून चालू-बंद होणारा छोटा स्विच) बसवायचा, तोही वायरमनकडून, व्हिडिओ पाहून स्वतः नव्हे. बोर्डात न्यूट्रलची (परतीची) तार आहे का हे आधी बघा. न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात, पण ते बरेचदा निरोप पुढे पोहोचवत नाहीत. आणि स्मार्ट डिमरच्या पुढे स्मार्ट बल्ब तर अजिबात नको. दोघेही उजेडाचा ताबा मागतात आणि दिवा लुकलुकत बसतो.

माझी सवय अशी: सेन्सरचं खोकं उघडण्याआधी हबपासून दूरच्या प्रत्येक खोलीत एक स्मार्ट प्लग लावतो, त्यावर मार्करनं 'काढू नये' लिहितो आणि एक दिवस तसाच सोडतो. मग सेन्सर आणतो, आणि तो हबशेजारी बसून न जोडता जिथे राहणार तिथेच जोडतो. हा एक दिवस कुणालाही काढवत नाही. सगळं एकाच संध्याकाळी चालू झालं पाहिजे, आणि पुढचे तीन महिने मला फोन.

मामीच्या पॅसेजमध्ये आता वायरलेस बटण आहे. त्याचा आवाज नीट येत नाही एवढीच तिची तक्रार आहे.

एका दिव्याचे तीन मालक

आता माझीच फजिती सांगतो. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं सामाईक प्रमाणक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्‌स अलायन्सचं, म्हणजे जिचं नाव आधी झिगबी अलायन्स होतं तिचं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे एकच उपकरण एकाच वेळी अनेक ॲपांच्या ताब्यात देता येतं, किमान पाच. सोय दिसली की मी वापरणारच. बाल्कनीतला दिवा मी तीन ठिकाणी जोडला.

पहिल्या ॲपमध्ये नियम: सूर्यास्ताला दिवा लाव. दुसऱ्यात: दहा मिनिटं हालचाल नसेल तर बंद कर. हा दुसरा नियम मी एका पावसाळी दुपारी सहज म्हणून केला आणि विसरलो. काही आठवड्यांनी दिवा आपोआप बंद पडतोय असं लक्षात आलं, तेव्हा मला वाटलं बल्बच सैल आहे. म्हणून तिसऱ्या ॲपमध्ये शहाणपणा केला: रात्री दिवा बंद झालेला दिसला तर पुन्हा लाव. त्या रात्रीपासून दिवा दर दहा मिनिटांनी विझायचा आणि लगेच पेटायचा. समोरच्या इमारतीतल्या काकांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "काही इशारा वगैरे आहे का?"

कारण सापडायला मला चार संध्याकाळी लागल्या, कारण मी प्रत्येक ॲप वेगळं तपासत होतो आणि प्रत्येक ॲप आपापल्या जागी बरोबरच होतं. शेवटी रोज एका ॲपचे सगळे नियम बंद करून पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तेव्हापासून घरात मालक एकच. माझ्याकडे तो होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर आहे, तुमच्याकडे दुसरा कुणी असेल, हरकत नाही. सगळे 'असं झालं तर तसं कर' नियम त्या एकाच ठिकाणी. बाकीची ॲपं फक्त बटणं दाबायला आणि स्पीकरशी बोलायला. कंपनीच्या मूळ ॲपमध्ये डोकवायचं ते फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटपुरतं. नवं ॲप जोडताना ते प्रेमानं 'तुमच्यासाठी काही ऑटोमेशन सुचवू का' विचारतं. नको म्हणा.

'आधीच जोडलेलं आहे' म्हणजे बिघाड नव्हे

ही दुसरी चीड आणणारी चूक. मॅटरच्या उपकरणावर ११ अंकी कोड आणि क्यूआर छापलेला असतो. तो पहिल्यांदा जोडण्यासाठी. दुसऱ्या ॲपमध्येही लोक तोच स्कॅन करतात, ते नकार देतं, आणि लगेच दहा सेकंद बटण दाबून रिसेट. झालं, उपकरण पहिल्या ॲपमधूनही बाहेर. त्याच्यावर बेतलेले सगळे नियम अनाथ.

खरा मार्ग असा: पहिल्या ॲपमध्ये त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडणी मोड चालू करायचा. ते नवा तात्पुरता कोड देतं. तो काही मिनिटंच चालतो, त्यामुळे दुसरं ॲप आधी उघडून ठेवा.

रिसेट हा माझ्याकडे शेवटून पहिला उपाय आहे. त्याच्या आधी उपकरणाची वीज काढून घाला, हब पुन्हा चालू करा, पाच मिनिटं बसा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलून सुरू झालं, तर कशानं सुरू झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतात.

मॅटरचा शिक्का पाहून निश्चिंत होणं

मॅटर ही भाषा आहे. ती बोलायला रस्ता लागतो, आणि तो वाय-फाय, इथरनेट किंवा थ्रेड यांपैकी असतो. खोक्यावर थ्रेड लिहिलं असेल तर घरात थ्रेड बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा दुवा, हवा. काही स्पीकर, हब आणि टीव्ही बॉक्समध्ये तो असतो, सगळ्यांत नसतो. तो नसेल तर ते सुंदर बटण नुसतं शोभेचं.

शिवाय भाषेत शब्द हळूहळू भरले गेले. झाडूवाले रोबो आणि फ्रिज ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत आले, कॅमेरे तर नोव्हेंबर २०२५ च्या १.५ मध्ये. आणि प्रमाणकात आलं म्हणजे तुमच्या ॲपमध्ये आलं असं नाही. म्हणून मी खोक्याआधी माझ्या हबच्या चालणाऱ्या उपकरणांची यादी बघतो. कंपनीच्या खास करामती, रंगांचे खेळ वगैरे, बहुधा तिच्याच ॲपमध्ये राहतात. त्यावर रुसू नका.

बाकीच्या, भराभर

झिगबीचा डोंगल (संगणकाला झिगबीशी जोडणारी यूएसबी कांडी) संगणकाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खुपसणं. यूएसबी ३ चा गोंगाट झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच पसरतो, इंटेलनं हे २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. एक साधी एक्स्टेन्शन केबल लावा आणि डोंगल लांब न्या. निम्म्या 'सेन्सर गळतात' तक्रारी मी या केबलवर मिटवल्यात.

झिगबीचा चॅनेल न बघणं. वाय-फाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीचे १५, २० आणि २५ त्यांच्या फटीत बसतात. हे पहिल्या दिवशीच ठरवा. नंतर चॅनेल बदलला तर काही उपकरणं मागे राहतात आणि पुन्हा जोडत बसावी लागतात.

फोन गेस्ट वाय-फायवर, उपकरण मुख्य वाय-फायवर. दोघे एकमेकांना दिसणारच नाहीत. राउटरमध्ये आयपीव्ही६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) 'उगाच कशाला' म्हणून बंद केलेलं असेल तर मॅटरही रुसतं.

स्वस्त वाय-फाय उपकरणं बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखतात, ५ वर शोधत बसू नका.

राउटर बदलला की नवं नाव, नवा पासवर्ड ठेवण्याची हौस. जुनेच ठेवले तर बहुतेक उपकरणं स्वतःहून परत येतात. मला कळत नाही ही हौस कुठून येते.

परदेशातून आणलेलं झेड-वेव्ह उपकरण. भारतात ८६५.२ मेगाहर्ट्‌झ, युरोपात ८६८.४२, अमेरिकेत ९०८.४२. एकमेकांना ऐकूच जाणार नाहीत, सॉफ्टवेअर काय करेल?

एकच दिवा कंपनीच्या क्लाउडमधूनही (इंटरनेटवरच्या तिच्या सर्व्हरमधून) जोडलेला आणि मॅटरमधूनही. मग स्पीकर विचारतो, "कोणता हॉलचा दिवा?" एक जोडणी काढून टाका.

इंटरनेट गेल्यावर काय चालतं ते न तपासणं. मी दर नव्या जोडणीनंतर इंटरनेटची तार दहा मिनिटं काढतो, वाय-फाय चालू ठेवून. बटणं आणि हालचालीचे दिवे त्या दहा मिनिटांत चालले पाहिजेत. जे चाललं नाही, ते क्लाउडमधून फिरून येतंय.

आणि तो कोड. एकदा मी चार रिले बोर्डामागे बसवून घेतले, प्लेटा लावल्या, वायरमनला निरोप दिला, आणि मग फोन हातात घेऊन जोडायला बसलो. कोडचा स्टिकर रिलेच्या पाठीवर, पाठ भिंतीकडे, आणि खोकी कचऱ्याच्या गाडीत गेलेली. दुसऱ्या दिवशी त्याच वायरमनला परत बोलावून चारही बोर्ड उघडले. तो काही बोलला नाही, फक्त प्रत्येक रिले बाहेर काढून माझ्या फोनसमोर धरत राहिला.