इंका ट्रेलला निघताय? आधी जुना पासपोर्ट शोधा

बूट, सॅक, हेडलॅम्प सगळं नंतर. आधी कपाट उघडा आणि तो रद्द झालेला, कोपरा कापलेला जुना पासपोर्ट बाहेर काढा. परमिट काढल्यानंतर तुम्ही पासपोर्ट नवा करून घेतला असेल, तर जुना आणि नवा दोन्ही सोबत हवेत. दोन्ही.

पेरूतल्या माचू पिचू या इंकांच्या जुन्या नगरीला चालत जाणाऱ्या चार दिवसांच्या वाटेचं, म्हणजेच इंका ट्रेलचं, परमिट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. आम्ही दोघी बहिणींनी ते नोव्हेंबरात काढलं, जूनसाठी. मधे माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली म्हणून फेब्रुवारीत तो नवा केला. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, हे एजन्सीला कळवायचं मला सुचलंच नाही. जुना ठाण्याच्या घरी विम्याच्या कागदांखाली पडून राहिला. वाट जिथून सुरू होते त्या पिस्काकुचोला, किलोमीटर ८२ च्या चौकीवर, खिडकीतल्या माणसाने माझा पासपोर्ट यादीला लावून धरला, नंबरावर बोट ठेवलं आणि मान हलवली. गाइडने पाऊण तास विनवण्या केल्या. माझ्याकडे जुन्याची झेरॉक्ससुद्धा नव्हती. बहिणीला मीच पुढे जा म्हटलं. उरुबांबा नदीवरच्या पुलापलीकडे तिची निळी सॅक दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले. यंदा मे महिन्यात परत गेले, तेव्हा कुठे ही वाट पुरी झाली.

तिथल्या तिथे दुसरं परमिट मिळेल, ही आशा ठेवू नका. दिवसाला एकूण ५०० माणसांना सोडतात. त्यात हमाल, स्वयंपाकी, गाइड सगळे आले, म्हणजे आपल्यासारख्यांना जेमतेम २०० जागा. त्या महिनोन्महिने आधी संपतात. एकदा चढलेलं नाव बदलत नाही, परमिट दुसऱ्याला देता येत नाही, आणि परवानाधारक एजन्सीच्या गाइडशिवाय जाताच येत नाही. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते. कोरडे महिने मे ते सप्टेंबर. नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर त्यासकट. आणि नंबर बदलला तर त्याच दिवशी एजन्सीला मेल करा, पोच मागा, मेलची प्रिंट जवळ ठेवा. त्यांनी 'झालं' म्हटलं तरी जुना पासपोर्ट न्यायचाच.

पीतज्वराची लस. पेरूहून परत येताना भारतात तिचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. साठी उलटली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

उंचीबद्दल आपल्याकडचे लोक फार गाफील असतात. कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को, जिथे तुम्ही नुसते विमानातून उतरता, ते ३,४०० मीटर. सह्याद्रीत वीस वर्षं फिरलेल्या माणसालाही तिथे हॉटेलचा जिना चढताना धाप लागते. त्यामुळे चालायला सुरुवात करण्याआधी दोन-तीन दिवस वर काढाच. जमलं तर पहिले दिवस ओयांताइताम्बोला राहा, ते जरा खाली आहे. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगून.

सराव चढण्याचा सगळेच करतात, उतरण्याचा कोणी करत नाही. तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्का ते विन्याय वायना हजारेक मीटर उतार आहे, बहुतेक दगडी पायऱ्यांचा, आणि ओल्या पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागतात. रायगड रोपवे न घेता दोन-तीनदा पायऱ्यांनी उतरा. काठ्या न्या, पण टोकाला रबरी टोपी हवीच, नाहीतर त्या जुन्या दगडांवर ओरखडे उठतात.

सामानाचं सांगायचं तर हमालाच्या पाठीवर २० किलोची कायद्याने मर्यादा आहे, त्यातले तुमच्या वाट्याला सहा-सात, स्लीपिंग बॅग धरून. बाकी स्वतः वाहायचं. तो माणूस रबरी टायरच्या चपला घालून तुमच्या पुढे धावत जातो, त्याच्या पाठीवर तिसरी जीन्स चढवू नका. पोंचो, उबदार टोपी, टॉयलेट पेपर. बक्षिसीसाठी सुटे सोल (पेरूचं चलन). एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. शाकाहारी असाल तर 'चिकनच्या पाण्यातलं सूपही नको' इतकं फोडून सांगा. चिक्की न्याच.

आणि दोन्ही पासपोर्ट मोठ्या बॅगेत नव्हे, अंगावरच्या पाउचमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. मोठी बॅग हमालाबरोबर पुढे गेलेली असते आणि चौकीवर तुम्ही उभे असता. झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात. हॉटेल सोडताना एकदा, गाडीत बसताना एकदा हात लावून बघा.

पहिला दिवस सोपा आहे, ऊन फार. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का खिंड, ४,२१५ मीटर. सावकाश चढा, पाणी पीत राहा, वर वारा असतो तेव्हा जॅकेट सॅकच्या वरच्या कप्प्यात. तिसरा दिवस लांब पण सगळ्यात सुंदर, रुंकुराकाय आणि सायाकमार्काचे अवशेष त्याच दिवशी, कॅमेऱ्याची जादा बॅटरी त्या दिवसासाठी राखून ठेवा. चौथ्या दिवशी साडेतीनच्या सुमारास उठवतात, हेडलॅम्प उशाशी हवा. मग इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, आणि खाली माचू पिचू.

प्रवेशद्वारावर पासपोर्ट पुन्हा बघतात. आत स्वच्छतागृह नाही, आधीच जाऊन या. मोठी सॅक आत नेता येत नाही. परतीच्या ट्रेनलाही पासपोर्ट लागतो.

परत निघण्याआधी सॅकचे सगळे कप्पे झटकून बघा. कोकाची (ज्यापासून कोकेन बनतं त्या झुडपाची) पानं किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या राहिल्या असतील तर तिथेच टाका, भारतात तो गुन्हा आहे. पिवळं कार्ड वर काढून ठेवा.